धुराच्या डब्याचे जनक यूजीन हूड्री



या अंकात थोरांची ओळख लिहायची पाळी माझी होती. टिळक, सावित्रीबाई, एडिसन, मादाम क्युरी हे सगळे आधीच्या अंकांत येऊन गेले. आता कुणावर लिहावं ते काही सुचेना. तेवढ्यात एका रविवारी काकांबरोबर फाट्यावरच्या गॅरेजात गेलो. काकांची जुनी पेट्रोल गाडी चढाला ओढत नव्हती. मिस्त्रींनी गाडीखाली शिरून एका डब्यावर हातोडीचा दांडा हळूच मारला. आतून खडखड आवाज आला, वाळलेल्या शेंगेतल्या दाण्यांसारखा.

हा डबा इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मधे असतो. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. गॅरेजात नुसतं कॅटकॉन म्हणतात. मिस्त्रींनी तो काढून कटरने उभा चिरला. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी होती. अर्धी जाळी शाबूत होती, आणि अर्धी वितळून तिचा ढेकूळ झाला होता. नव्या डब्याची किंमत ऐकून काका तिथेच पायरीवर बसले. हा डबा कोणी शोधून काढला असं मी गुरुजींना विचारलं, तेव्हा हूड्री हे नाव पहिल्यांदा कळलं. मी ठरवलं, हाच आपला या वेळचा थोर पुरुष.

यूजीन हूड्री यांचा जन्म १८ एप्रिल १८९२ रोजी फ्रान्स देशात पॅरिसजवळच्या दोमाँ या गावी झाला. त्यांच्या आडनावाचा उच्चार फ्रेंच लोक ऊद्री असा करतात, कारण त्यांच्या भाषेत सुरुवातीचा ह गिळून टाकतात. आपण हूड्रीच म्हणू. वडिलांचा पोलादाचा कारखाना होता. घरात पैशाला तोटा नव्हता. म्हणजे आपण वाचतो तशी, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलाची ही गोष्ट नाही. पण श्रीमंताघरचा मुलगा म्हणून ते आळशी नव्हते. पॅरिसच्या यंत्रविद्येच्या नामवंत महाविद्यालयात ते शिकले. १९११ साली वर्गात पहिले येऊन त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. फुटबॉलच्या संघाचे ते कप्तानही होते, आणि त्यांचा संघ देशात पहिला आला होता. (आपल्या वर्गात जे म्हणतात की खेळणाऱ्याचा अभ्यास होत नाही, त्यांनी हे वाचावे.)

पुढे ते वडिलांच्या कारखान्यात लागले. पण १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ते सैन्यात गेले. तेव्हा रणगाडे नुकतेच निघत होते. हूड्री रणगाड्यांच्या दलात अधिकारी होते. १९१७ साली ज्युव्हँकूरच्या लढाईत फ्रेंचांचे पुष्कळ रणगाडे बंद पडले. वरून तोफगोळे पडत असताना हूड्री यांनी बंद पडलेल्या रणगाड्यांच्या दुरुस्तीचं काम उभं केलं. त्यात ते जबर जखमी झाले. त्यांना शौर्यपदक मिळालं आणि देशातला मोठा सन्मानही मिळाला. मला यातली एक गोष्ट आवडली. शौर्यपदक म्हटलं की आपल्याला तलवार नाहीतर बंदूक आठवते. यांना ते पाना हातात घेतल्याबद्दल मिळालं.

युद्ध संपलं. हूड्री यांना मोटारींच्या शर्यतींचा नाद लागला. त्यासाठी ते अमेरिकेला जाऊन आले, तिथली मोठी शर्यत पाहिली, फोर्ड यांचा कारखाना पाहिला. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की मोटारी दिवसेंदिवस चांगल्या होत चालल्या आहेत, पण पेट्रोल काही चांगलं होत नाही. हलकं पेट्रोल असलं की इंजिन आतून टकटक वाजतं आणि त्याची ताकद जाते. शिवाय फ्रान्समध्ये तेलाच्या विहिरी जवळजवळ नव्हत्याच. तेल बाहेरून आणावं लागे. पुन्हा युद्ध झालं तर काय करायचं, ही काळजी त्यांना होती.

१९२२ च्या सुमारास त्यांना कळलं की नीस शहरातल्या प्रुदोम नावाच्या एका रसायनशास्त्रज्ञाने लिग्नाइटपासून पेट्रोल करण्याची रीत काढली आहे. लिग्नाइट म्हणजे हलक्या जातीचा तपकिरी कोळसा. तो फ्रान्समध्ये होता. हूड्री यांनी या कामात स्वतःचा पैसा घातला आणि पॅरिसजवळ प्रयोगशाळा उभी केली. १९२९ साली दिवसाला ६० टन लिग्नाइट खाणारा कारखानाही चालू करून दाखवला. पण ते पेट्रोल फार महाग पडू लागलं. सरकारने मदत बंद केली, आणि कारखाना बंद करावा लागला. सात वर्षांची मेहनत आणि घरचा पैसा, दोन्ही गेलं.

आता इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. हूड्री ज्याच्या मागे लागले होते त्याला आपल्या पुस्तकात उत्प्रेरक म्हटलं आहे. दोन पदार्थांचा संयोग घडवून आणतो किंवा एका पदार्थाचे तुकडे पाडतो, आणि स्वतः मात्र जसाच्या तसा राहतो, तो उत्प्रेरक. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा. दोन घरं जोडून देतो आणि आपण मोकळाच पुढच्या गावाला जातो.

पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं. उत्प्रेरक संपत नाही, हे खरं आहे. पण तो बिघडतो, हे पुस्तकात नाही. हूड्री यांचं सगळं आयुष्य या बिघडण्याशी झगडण्यात गेलं.

लिग्नाइटचं काम चालू असतानाच त्यांनी खनिज तेलाकडे मोर्चा वळवला होता. जमिनीतून निघणाऱ्या तेलात जाड, काळा भाग पुष्कळ असतो. तो मोटारीत चालत नाही. नुसत्या उष्णतेने त्याचे तुकडे पाडून पेट्रोल करण्याची रीत होती, पण त्यातून पेट्रोल कमी मिळे आणि तेही टकटक करणारं. हूड्री यांनी एकामागून एक शेकडो पदार्थ तपासले. शेवटी १९२७ साली त्यांना हवा तो पदार्थ सापडला. तो सोनं नाही की प्लॅटिनम नाही, आम्लाने धुतलेली एक प्रकारची माती होती. सिलिका आणि अॅल्युमिना हे तिच्यातले मुख्य घटक. तापलेल्या जाड तेलाची वाफ या मातीच्या गोळ्यांवरून नेली की सुंदर पेट्रोल उतरू लागे. ते पेट्रोल हूड्री यांनी आपल्या बुगाटी मोटारीत घालून स्वतः चालवून पाहिलं.

पण थोड्याच वेळात काम मंदावे. तेलाचे तुकडे होताना कार्बनची काजळी निघे आणि ती मातीच्या बारीक बारीक छिद्रांवर बसे. चुलीवरच्या पातेल्याचं बूड काळं होतं तसं. साधारण दहा मिनिटांत माती निकामी होई. याआधीही कोणी कोणी असले उत्प्रेरक वापरून पाहिले होते, आणि काजळी धरली की दर वेळी नवा घालायचा खर्च कुणाला परवडत नव्हता. हूड्री यांनी असा विचार केला की काजळी म्हणजे कोळसाच की, मग तो जळेल. त्यांनी तेल बंद करून त्याच भांड्यात गरम हवा सोडली. काजळी जळून गेली आणि माती पुन्हा नव्यासारखी काम करू लागली.

आमच्या आजीला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली की हे तर जात्याला टाकी लावण्यासारखं झालं. दळून दळून जातं गुळगुळीत होतं, मग पीठ नीट निघत नाही. पाथरवट येऊन छिन्नीने टाकी लावून जातो की जातं पुन्हा चालतं. जातं काही कोणी फेकून देत नाही. मला वाटतं आजीला रसायनशास्त्र माझ्यापेक्षा लवकर कळलं.

हूड्री यांनी त्यात आणखी एक युक्ती केली. भांडी एकापेक्षा जास्त ठेवली. एकात तेलाचं काम चालू असताना दुसऱ्यातली काजळी जळत असे, आणि आपोआप फिरणाऱ्या झडपांनी आळीपाळीने काम बदलत असे. त्यामुळे कारखाना थांबत नसे. काजळी जळताना जी आच निघे तीही वाया न घालवता कामाला लावली.

फ्रान्समध्ये मात्र या शोधाला कोणी वाली मिळेना. १९३० साली अमेरिकेतल्या एका तेल कंपनीने त्यांना बोलावलं. हूड्री प्रयोगशाळा घेऊन अमेरिकेला गेले. तेव्हा जगात मंदी होती, त्यामुळे पैशांची ओढाताण झाली. १९३३ साली सन ऑइल नावाची दुसरी कंपनी मदतीला आली. १९३६ साली न्यू जर्सी राज्यातल्या पॉल्सबरो येथे पहिला कारखाना चालू झाला. १९३७ साली पेनसिल्व्हानियातल्या मार्कस हुक येथे त्याहून कितीतरी मोठा उभा राहिला. जुन्या रीतीने जाड तेलातून साधारण पाव हिस्सा पेट्रोल निघे. हूड्री यांच्या रीतीने जवळजवळ निम्मं निघू लागलं, आणि ते टकटक न करणारं होतं.

लगेच १९३९ साली दुसरं महायुद्ध पेटलं. विमानांना उत्तम प्रतीचं पेट्रोल लागतं. ते करायला हूड्री यांचे कारखाने तयार होते. त्यांची जन्मभूमी फ्रान्स १९४० साली जर्मनांपुढे पडली. तिथे जर्मनांच्या कलाने चालणारं सरकार आलं. हूड्री अमेरिकेत स्वस्थ बसू शकले असते. पण त्यांनी जनरल द गॉल यांची बाजू घेतली, आणि अमेरिकेतल्या फ्रेंच लोकांची फ्रान्स फॉरएव्हर नावाची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. त्याबद्दल त्या सरकारने त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं. ज्या देशासाठी तोफगोळ्यांत उभे राहिले, त्याच देशाच्या कागदावरून त्यांचं नाव खोडलं गेलं. १९४२ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले. त्याच साली मलायातलं रबर जपान्यांच्या ताब्यात गेलं, तेव्हा कृत्रिम रबराला लागणारा ब्युटाडाइन नावाचा पदार्थ करण्याची एक रीतही हूड्री यांनी दिली.

युद्ध संपलं तेव्हा हूड्री पन्नाशी ओलांडलेले होते. नाव झालं होतं, पैसा झाला होता. दुसरा कोणी असता तर बागेत झाडांना पाणी घालत बसला असता.

त्या दिवसांत अमेरिकेत लॉस एंजलिस शहरावर धुराचं तपकिरी धुकं बसू लागलं. लोकांचे डोळे चुरचुरत. मोटारींच्या नळकांड्यातून काय बाहेर पडतं यावर शास्त्रज्ञ काम करू लागले. हूड्री यांना फुप्फुसाच्या कॅन्सरची फार धास्ती वाटे, आणि मोटारीच्या धुराचा त्याच्याशी संबंध असेल असं त्यांना वाटे. मोटारीत चांगलं पेट्रोल पोचवण्यासाठी ज्यांनी जन्म घालवला, तेच आता ते पेट्रोल जळून काय होतं याच्या मागे लागले. १९५० च्या सुमारास त्यांनी ऑक्सी-कॅटॅलिस्ट नावाची कंपनी काढली.

धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ते या वायूमुळे. शिवाय अर्धवट जळलेलं पेट्रोलही धुरातून बाहेर येतं. हूड्री यांनी पोर्सेलीनच्या कांड्यांवर अॅल्युमिनाचा आणि प्लॅटिनमचा पातळ थर दिला. तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई असते तसाच हा थर, फक्त कितीतरी बारीक. गरम धूर हवेबरोबर या थरावरून गेला की विषारी वायू तिथेच जळतो, आणि बाहेर कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ जाते. १९५६ साली त्यांना या रचनेचं पेटंट मिळालं. गोदामात मालाची उचल करणाऱ्या यंत्रांना आणि खाणीतल्या यंत्रांना हे डबे लागू लागले, कारण तिथे बंद जागेत धुरात माणसं काम करत.

मग मोटारींना का लागले नाहीत? इथेच खरी अडचण आली. इंजिनाची टकटक थांबावी म्हणून त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घालत. ही पद्धत १९२३ पासून होती. हूड्री यांचं पेट्रोल मुळात चांगलं होतं, तरी विमानासाठी त्यातही शिसं घालत असत. पेट्रोल जळलं की शिसं धुराबरोबर डब्यात येई आणि प्लॅटिनमच्या थरावर जाऊन बसे. उत्प्रेरकाला विषबाधा झाली असं शास्त्रात म्हणतात. काजळी जाळता येत होती, पण शिसं जळत नाही. जात्याला टाकी लावता येते, पण कोणी जात्याच्या तोंडात डांबर ओतलं तर पाथरवट तरी काय करणार?

ज्या माणसाने दहा दहा मिनिटांनी मरणारा उत्प्रेरक जिवंत करून दाखवला होता, त्याला हा दुसरा उत्प्रेरक काही वाचवता आला नाही. दोष डब्यात नव्हता, पेट्रोलमध्ये होता, आणि पेट्रोलमधलं शिसं काढणं एकट्या माणसाच्या हातात नव्हतं. १८ जुलै १९६२ रोजी सत्तराव्या वर्षी अमेरिकेत हूड्री वारले. तोपर्यंत रस्त्यावरच्या मोटारींत हा डबा सरसकट आला नव्हता.

पुढची हकीगत त्यांच्या मागची आहे. १९७० साली अमेरिकेत हवा स्वच्छ ठेवण्याचा कडक कायदा झाला. १९७५ च्या मोटारींपासून तिथे डबे बसू लागले, आणि त्यांच्यासाठी पंपांवर शिसं नसलेलं पेट्रोल ठेवावं लागलं. चुकून शिशाचं पेट्रोल पडू नये म्हणून नव्या गाड्यांच्या टाकीचं तोंड मुद्दाम बारीक केलं होतं. तरी काही लोक स्वस्त पेट्रोलसाठी ते तोंड ठोकून मोठं करत! माणसं सगळीकडे सारखीच. कांड्यांच्या जागी मधाच्या पोळ्यासारखी जाळी आली, म्हणजे थोड्या जागेत पुष्कळ पृष्ठभाग. प्लॅटिनमच्या जोडीला पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे धातू आले, आणि नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडचाही बंदोबस्त झाला.

आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला, आणि तिथे शिसं नसलेलं पेट्रोल मिळू लागलं. २००० सालच्या फेब्रुवारीपासून सगळ्या देशातच शिशाचं पेट्रोल बंद झालं. त्यामुळे डबा तर वाचलाच, पण मुलांच्या रक्तात जाणारं शिसंही कमी झालं. शिशाने मुलांच्या मेंदूला इजा होते. डब्याला विष ते आपल्यालाही विषच होतं. मोटारींच्या शिशाच्या पेट्रोलचा जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ साली बंद झालं, हूड्री यांच्या मृत्यूनंतर एकोणसाठ वर्षांनी.

गंधक हा डब्याचा आणखी एक वैरी. २०२० च्या एप्रिलपासून आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये दहा लाख भागांत फार तर १० भाग गंधक चालतं. त्याआधी ५० चालत होतं.

आता शिसं गेलं तर काकांच्या गाडीचा डबा का वितळला? मिस्त्रींनी ते समजावून सांगितलं. पालकांनी एवढा भाग जरूर वाचावा. काकांच्या गाडीचा एक प्लग कितीतरी दिवस काम देत नव्हता. त्या भागातलं पेट्रोल न जळताच डब्यात जाई आणि तिथे पेटे. डब्याला काम करायला उष्णता लागते, साधारण तीनशे अंशांच्या आसपास. पण न जळलेलं पेट्रोल आत पेटलं तर उष्णता हजारावर जाते, आणि मग प्लॅटिनमचे कण एकमेकांना चिकटतात, जाळी वितळते. त्यातून बॅटरी उतरलेली, म्हणून रोज सकाळी आम्ही चार पोरं गाडीला धक्का मारत होतो. धक्क्याने चालू करतानाही न जळलेलं पेट्रोल आत जातं. म्हणजे थोडा हातभार माझाही लागला!

इंजिन ऑइल जाळत असेल तर त्यातला फॉस्फरस प्लॅटिनमच्या थरावर बसतो. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असेल तर ते पुरतं जळत नाही. मिस्त्रींनी आणखी एक सांगितलं, की चालून आलेली गाडी वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याजवळ उभी करू नका. डबा इतका तापलेला असतो की खालचं गवत पेट घेतं. नव्या मोटारसायकलींच्या सायलेन्सरमध्येही अशीच छोटी जाळी असते. आवाज मोठा यावा म्हणून काही दादा लोक ती काढून टाकतात.

काकांनी प्लग बदलला, बॅटरी बदलली आणि नवा डबा बसवला. बैलाची एक गोऱ्ही विकायची ठरली होती ती यंदा विकलीच, असं आई म्हणाली. चिरलेला जुना डबा मिस्त्रींकडून मागून आणला आहे. डब्यातल्या धातूंसाठी भंगारवाला त्याला चांगले पैसे देत होता, तरी त्यांनी अर्धा तुकडा शाळेसाठी दिला. तो सातवीच्या वर्गात खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला आहे. एका बाजूने जाळीतून पलीकडचा उजेड दिसतो, दुसऱ्या बाजूने काहीच दिसत नाही. पालकांनी येऊन पाहावा. हात लावू नये, कडा धारदार आहेत.